मुद्देमाल क्रमांक सात

मोंबासाच्या कोर्टात तळघरातल्या खोलीची किल्ली
सतरा वर्षं माझ्या कमरेला आहे.
खोट्या नोटा, गंजलेले सुरे, हस्तिदंताचा एक तुकडा,
प्रत्येकाला मी चिठ्ठी बांधतो, वहीत चढवतो
आणि कुणाबद्दलच मत बनवत नाही.

क्रमांक सात : करार. दोन पानं, निळी शाई.
"मी, म्वानाकोंबो शे, राहणार लामू,
माझ्या सर्व कांगांची नक्षी, काठ आणि त्यांवरची वाक्यं
पेपो टेक्स्टाइलला कायमची लिहून देत आहे."
खाली सही. काय सही होती!
वळणदार, शेपटी झुलवणारी,
लग्नाला निघाल्यासारखी नटलेली.

क्रमांक आठ : गासड्या. आत चार हजार दहा कांगा.
काठाला लाटा, मधोमध ओहोटीत उघडे पडलेले खेकडे,
आणि खाली ते वाक्य :
भरतीला घाई नसते.

"ही सही तुमची नाही?" प्रतिवादीच्या वकिलानं विचारलं.
"नाही."
"कशावरून?"

म्हातारी गप्प.
तिच्या वकीलबाई, नेकेसा, हातातल्या कागदांकडे बघत राहिल्या.
आदल्या रात्री त्यांनी तिला समजावलं असणार :
सगळा दावा एका वाक्यावर उभा आहे
आणि ते दुसऱ्या कुणाला म्हणता येणार नाही.
मागच्या बाकांवर लामूच्या बायका, तिच्याच कांगा लेऊन.
सवतीला टोमणा, नवऱ्याला इशारा, लेकीला आशीर्वाद,
चाळीस वर्षं हिनंच त्यांना शब्द पुरवले होते.
त्यांच्यासमोर म्हणायचं होतं.

"मला लिहिता येत नाही," ती म्हणाली.
"चित्र मी काढते. वाक्य मी बोलते.
अक्षरं माझा नातू घालतो."

एक बाकडं करकरलं. बाकी काही नाही.

वकील हसला. "मग दाव्याच्या अर्जावर कुणाची सही आहे?"
"माझी. तेवढं नाव गेल्या वर्षी शिकले.
हा अर्ज करायचा म्हणून."

न्यायाधीशांनी कागद दिला, पेन दिलं.
पंखा फिरत होता. चार मिनिटं लागली.
अक्षरं अशी, की ओहोटीत वाळूवर रुतलेल्या होड्या,
एकीचं तोंड दुसरीकडे नाही.
मी तो कागद वहीत चढवला, क्रमांक नऊ,
आणि सातच्या शेजारी ठेवला.
त्या दिवशी पहिल्यांदा माझं मत बनलं.

निकाल वाचायला तिच्या नावापेक्षा कमी वेळ लागला.
करार बनावट, सबब रद्दबातल.
मनाई हुकूम कायम.
तीन वर्षांच्या नफ्याचा हिशेब साठ दिवसांत.
सही कुणी केली, याचा तपास पोलिसांकडे.
नकली माल वादीच्या स्वाधीन;
जाळायचा की ठेवायचा, तिची मर्जी.

आता माझं सांगतो.
दोन वर्षांपूर्वी, धाकटी झाली तेव्हा,
बाजारातून बायकोला एक कांगा आणली होती.
स्वस्त मिळाली. लाटा, खेकडे, भरती.
ताबा द्यायच्या सकाळी मी ती घडी करून आणली
आणि शेवटच्या गासडीत सरकवली.
वहीत चार हजार दहा.
आयुष्यात पहिल्यांदा माझी बेरीज खोटी.

तिनं मोजून घेतलं. व्यापाऱ्यांशी आयुष्य गेलेलं,
ती मोजणारच.
शेवटच्या गासडीशी बोटं थांबली.
इतर सगळ्या कडक, खळीच्या.
ही मऊ. एका कोपऱ्यात दुधाचा डाग.
तिनं ती नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं.
माझे कान तापले.

"हिच्यावर मूल निजलंय," ती म्हणाली,
आणि ती माझ्या हातात दिली.

मग पावतीवर सही करायला बसली.
मी पंखा बंद केला, कागद उडू नये म्हणून,
आणि उभा राहिलो, चार मिनिटं.