परतीची वायर

डावा दिवा लागतो, उजवा नुसता निखारा.
डिपर दाबला तर काहीच हलत नाही.
एवढं सांगून देशिंगकरबाई
छत्तीस सालची मॉरिस उद्यमनगरात सोडून गेल्या,
किल्लीबरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात तीन बल्ब, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले.

दस्तगीरचाचा लगेच बॉनेट उघडत नाहीत.
आधी चहा. मग काचेवर टिचकी.
"बल्बला हात लावू नको," म्हणाले,
"माणसं पहिल्यांदा बल्बलाच धरत्यात."

मी टेस्ट लॅम्प घेऊन मडगार्डखाली शिरले.
बॅटरीपाशी सहा व्होल्ट. स्विचला जरा कमी.
उजव्या दिव्याच्या बुडाशी चार, तेही भीत भीत.
सुती वेष्टणाची वायर, चिमटीत धरली की पीठ,
आत तांबं हिरवं पडलेलं,
आणि फ्यूजच्या जागी कुणीतरी
सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबलेली.
त्या माणसाला त्या रात्री कुठं पोचायचं होतं कोण जाणे.

"करंट जातोय," मी ओरडले.
"जातोय गं. पर येतोय का माघारी?"

तेव्हा दिसलं.
गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी मारलेला चकचकीत मरून रंग
दिव्याच्या पायाखालीही मारलेला.
चार हात रंग, वर लॅकर,
आणि करंटची घरी जायची वाट त्याखाली बुजलेली.
बोल्ट काढला. पॉलिश पेपरनं घासत राहिले
रुपयाएवढा उघडा पत्रा दिसेपर्यंत.
नव्या रंगावर ओरखडा पाडताना हात अडखळला,
चाचांनी मान फिरवली, जणू बघितलंच नाही.

रिफ्लेक्टर दोन्ही काळे, तव्यासारखे.
ते हुपरीला नेले, आदगोंडाच्या पेढीवर.
पैंजणांच्या ढिगात ठेवून तो म्हणाला,
"हे कुणाच्या पायात घालायचं?"
चार दिवसांनी परत दिले मलमलीत,
त्यात माझं तोंड उलटं, आणि फार मोठं.
"बोट लावलंस," चाचा म्हणाले,
"तर हुपरीला चालत जायचं."

उरला डिपर.
ह्या गाडीत डावा रिफ्लेक्टर खाली झुकतो
आणि उजवा दिवा विझतो, अशी पद्धत.
सोलेनॉइडमध्ये मेलेली माशी निघाली.
एवढीच. एक माशी.

संध्याकाळी बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या,
सीटवर उशी ठेवून बसल्या.
रंकाळ्यावरून गंगावेशीकडे निघालो,
दोन पिवळे झोत रस्त्यावर सांडलेले,
नव्या गाड्यांच्या पांढऱ्या उजेडात जेमतेम दिसणारे.
कट्ट्याजवळ म्हशी आडव्या आल्या,
धारेला निघालेल्या, कुणाचीही घाई नसलेल्या.
बाईंनी न बघता स्विच फिरवला.
टक्.
उजवा मिटला, डाव्यानं नजर खाली घेतली.

"आई असंच करायची," बाई म्हणाल्या,
"बाळंतपणाला निघालेली असली, कितीही घाई असली तरी.
समोरनं उसाची गाडी आली की बैल बिचकतात."

शेवटची म्हैस थांबली, वास घेतला,
ओल्या नाकाचा ठसा काचेवर उठवून गेली.
चाचा मागच्या सीटवरून म्हणाले,
"पुसू नको आत्ता. गरम हाय काच."