दोनशे बारा

खाणीच्या काळ्या ढिगाऱ्यावर
आज लावायचं काही नाही, मोजायचं आहे.
एर्लिस सांगते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गमबुटात,
वह्यांचा गठ्ठा पावाच्या पिशवीत गुंडाळलेला:
"गेल्या मार्चात तीनशे चाळीस लावली.
किती गेली ते आधी बघू. मग नवी."

नऊ पोरं. एकाला शाळेने शिक्षा म्हणून पाठवलंय;
कोणाला, ते एर्लिस सांगत नाही.

फर्नडेलच्या वरचा हा डोंगर डोंगर नाही.
जमिनीच्या पोटातलं नको ते सगळं
डब्या-डब्यांनी वर आणून ओतलेलं.
एर्लिसच्या बापाच्या पाळ्याही यातच कुठेतरी.
ती हे एकदाच म्हणते, पाठमोरी,
बुटातला खडा काढता काढता.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा आले
तेव्हा प्रत्येक रोपाभोवती आळं केलं.
हात आपोआप चालले, म्हसवडचे हात,
धुणं विसळलेलं पाणीसुद्धा
डाळिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओतणारे.
छान गोल आळं, काठ थापून.
एर्लिसने पाहिलं. हसली नाही.
"इथे पाणी धरायचं नसतं, वैजंती.
जाऊ द्यायचं असतं."
तोवर माझी अकरा करून झाली होती.
अकराही पावसात बुडाली, कुजली.
ती आज मीच मोजणार आहे.

नळीत डोकवायचं. पान आहे? रेघ.
नाही? मग खोडावर नखाने हलका ओरखडा.
आत हिरवं, तर जिवंत. तपकिरी, तर फुली.
"हळू!" एर्लिस ओरडते,
"विचारायचंय त्याला, सोलायचं नाहीये!"

फुली. फुली. रेघ. फुली.
टेगनला एका नळीत उंदराचं घरटं सापडतं,
गवताचं, अजून उबदार; साल त्यानेच कुरतडलेली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
यावर दहा मिनिटं भांडण.

मेलेलं एक आल्डर एर्लिस उपटते.
मुळांवर गाठी, मोहरीएवढ्या, गंजाच्या रंगाच्या.
"हवेतलं खत या खाली आणतात.
मेलं खरं, पण पुढच्याचं ताट वाढून."
तिच्या भाषेत याला ग्वेर्न म्हणतात.
ग्वेर्न, ग्वेर्न, सगळे म्हणून बघतो.
मग कोणीतरी माझ्याकडचा एखादा शब्द मागतं
आणि मला नेमकं आळंच आठवतं.
ळ त्यांच्या जिभेवर बसत नाही.
त्यांचा तो फुसफुसणारा ल माझ्या जिभेवर बसत नाही.
फिट्टंफाट.

गेथिन, चौदाचा, सकाळपासून अवाक्षर नाही,
दोनशे बारापाशीच अडकलाय.
शेंड्याला वाळकं. मध्ये तपकिरी.
खाली, आणखी खाली ओरखडे काढत
तो मातीपर्यंत पोचलाय, गाल चिखलाला टेकवून.
एर्लिस त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसते,
उठायला दोघांचे हात लागतील हे माहीत असून.
काय दिसलं, दोघंही सांगत नाहीत.
वहीत रेघ नाही, फुली नाही.
पट्टीशिवाय आखलेला एक तिसरा रकाना,
वाकडा, बिननावाचा.

एकशे सत्त्याऐंशी जिवंत.
एकशे बावन्न गेली.
आणि एक.

मंगळवारी माझ्या औषधांच्या दुकानात
गेथिन आजोबांचा इन्हेलर न्यायला येतो.
माझ्या नखांत अजून ढिगाऱ्याचं काळं.
त्याच्याही.
मी लेबल चिकटवते: दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ.
तो पिशवी घेतो, दारापर्यंत जातो, परत येतो.
"शनिवारी," म्हणतो, "टॉर्च आणू का?"