सांभार, चौदा किलोमीटर

कवडू गभण्यांचं वावर नकाशात नव्हतं.
म्हणजे होतं, पण एक राखाडी चौकोन,
उमरेड रोडपासून आत,
आणि त्याच्या कडेनं जाणारी रेघ, जिला नाव नाही.
मी पत्ता विचारला.
"गिरणीपासून दोन धुरे सोड, मंग बाभूळ.
बाभूळ तोडली औंदा,
पण तू बाभूळच लिव."

खाटेवर लॅपटॉप ठेवून मी पिन टाकली. ती नाल्यात पडली.
उचलली, तर लांजेवारांच्या तुरीत.
"त्याच्यात नोको. त्याचं माह्यं बोलणं नाही."
तिसऱ्यांदा विहिरीपाशी बसली,
आणि त्यांनी बोटानं स्क्रीन हलकेच दाबली,
रोपाच्या बुडाशी माती दाबावी तशी.

रात्री दहाला सांभार निघायचा,
टेम्पोत, ओल्या पोत्याखाली, कळमन्याला.
तिथे अडत, हमाली, तोलाई,
तासभर कोणाच्या तरी चपलांजवळ.
मग कोणाचा तरी ऑटो, कोणाचा तरी ठेला,
आणि दुपारी हुडकेश्वरच्या आमच्या कोपऱ्यावर
आई दहाची जुडी घ्यायची,
देठ मोडून म्हणायची, शिळा आहे.
मी मोजलं.
त्यांच्या विहिरीपासून आमचं दार चौदा किलोमीटर.
सांभार यायचा त्रेपन्न फिरून.

पहिली जाहिरात मी लिहिली:
'ताजी कोथिंबीर, थेट शेतातून.'
तीन दिवस फोन गप्प.
कवडूंनी ती वाचून घेतली. विचारलं,
"हे कोणती भाजी व्हय?"
खोडलं.
'सांभार. पहाटे पाचचा. जुडी पाहून घ्या.'
शनिवारपर्यंत अकरा फोन.
मार्केटिंगच्या कोर्सची फी
बाबा अजून भरतायत.

मग मी गिऱ्हाइकांचे गोल काढायला बसले,
वय, उत्पन्न, अंतर, रंग वेगळे.
शेजारी बसून ते दुसरंच काही वाचत होते.
वीस-पंचवीस वर्षांमागे सायकलवर विकायचे ना,
कॅरिअरला दोन टोपले बांधून.
"इथं एक बाई, शेंगा मोजत नव्हती.
हा पिवळा जिना. तिसऱ्या माळ्यावरून दोरीनं पिशवी सोडे.
इथं कुत्रं.
इथं मास्तर, पैसे एक तारखेले,
पण पाणी रोज देये."
बोट मानेवाड्यावरून सरकत गेलं,
गल्ल्यांची नावं त्यांना येत नव्हती,
वळणं येत होती.
माझे गोल मी बंद केले.
ते सांगत गेले तिथे निळ्या पिना. एकवीस झाल्या.

रविवारी स्कूटीवर शोधत गेले.
नऊ घरं होती. सात म्हणाली, पाठवा.
पिवळा जिना आता पांढरा झालाय,
सुनेनं दार उघडलं, म्हणाली,
पिशवी नाही, पण दोरी आहे,
कपडे वाळत घालतो.

मास्तरांच्या जागी पार्किंग.
संध्याकाळी मी ती पिन पुसायला गेले.
"राहू दे," कवडू म्हणाले.
"रस्ता तिथूनच वळते."

आज सकाळी साडेसहाला आमचीच बेल वाजली.
दारात ते, मोटरसायकल, ओलं पोतं.
आईनं देठ मोडलं. टचकन आवाज आला.
वास घेतला, डोळे मिटून,
आणि तरी विचारलं,
"पंधराला दोन द्याल का?"
ते हसले.
दिल्या नाहीत.