फऱ्याचं हाड

"ह्याला काय चव, सर? नळी न्या की,"
म्हणत इलाहीनं फऱ्याचं हाड कागदात बांधलं.

घासलं, गच्चीत वाळवलं.

तीन हजार वर्षांमागं आन्यांगला
बैलाच्या असल्याच हाडाला
निखारा टेकवून राजा विचारायचा :
हुआन नदी गावात शिरेल का?
माझी दाढ दुखतेय,
कुठला आजा रागावलाय?

तडा जायचा. वाचला जायचा.
प्रश्न कोरलेले राहिले,
खरं काय झालं ते
क्वचितच.

राजाराम बंधाऱ्यावर आज एकेचाळीस फूट.
शुक्रवार पेठेत गव्हाची पोती माळ्यावर चढतायत.
मी गॅस मोठा करतो,
हाड सांडशीत धरतो.

टक्.

एक बारीक रेघ, तिला आडवा फाटा.
चष्मा शोधतोय तोवर
जिन्यातून मालूताई :
"सर, काय म्हणतंय पाणी?"