फट

प्लाय आणला इतवारीतून, सहा बाय चार,
सायकल रिक्षावर आडवा बांधून.
पाचपावलीच्या आमच्या जिन्यात तो वळेना.
आधी दार मोजायचं असतं,
हे मला दुसऱ्या पायरीवर कळलं.
दोन फूट कापून टाकले तिथंच, करवतीनं,
भुसा खालच्या बिऱ्हाडाच्या रांगोळीवर.

कागदावर तर सगळंच होतं:
दोन स्टेशनं, बोगदा, कोळशाची सायडिंग,
आणि चारी दिशांचे रूळ जिथं एकमेकांना कापतात
तो आपल्या नागपूरचा चौक.
खोडरबर घेऊन बसलो. बोगदा गेला.
चौक पुसताना जरा वेळ लागला.
उरलं ते इतकं:
अठरा इंची एक वर्तुळ, एक फाटा, एक फलाट,
आणि मधोमध हात पोचेल इतकीच जमीन.

डिसेंबर होता. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत
स्वेटर घालून रूळ जोडले,
रुळाला रूळ घट्ट भिडवून,
नखसुद्धा जाणार नाही असे.
गाडी फिरली. काही आवाज नाही,
लोण्यातून सुरी जावी तशी.
मी शालूला तीनदा वर बोलावलं.
ती दोनदा आली.

मेमध्ये एका दुपारी दार उघडलं
तर रूळ मांजरासारखे पाठ काढून उभे.
इंजिन कुशीवर पडलेलं,
फलाटावरचा प्लास्टिकचा हमाल तेवढा
डोक्यावर ट्रंक घेऊन जागेवर.

शेजारच्या नंदनवारांना बोलावलं.
उमरेडकडच्या छोट्या लाइनवर
चावीवाले होते ते, एकतीस वर्षं.
खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंड्या,
रोज पहाटे रूळ वाचत पायी.
ती लाइन आता उखडली.
ते वाकले, चष्मा वर केला,
फुगलेल्या रुळावरून बोट फिरवलं
जसं कुणी पोराच्या कपाळावरून ताप पाहतं.

“फट कुठं हाय?”
मी म्हणालो, ठेवलीच नाही, मुद्दाम.
ते हसले नाहीत.
“पटरीले बी उन्हाळ्यात अंग मोकळं करा लागते ना बावा.
कोंडून ठेवशीन तं उठनच ते.”
मी लगेच पक्कड उचलली.
“आता नोको. थंडी पडू दे.”

सहा महिने थांबायचं!
शिकाऊ माणसाला ही शिक्षाच.
मग त्या सहा महिन्यांत
जुन्या कूलरची खस कातरून गवत केलं,
ते हुबेहूब मे महिन्याचंच निघालं.
विटेचा चुरा चाळून रुळाखाली गिट्टी,
चहाची गाळणी स्वयंपाकघरात परत गेली नाही.
वर्तमानपत्रावर प्लास्टर ओतून डोंगर रचला,
त्याच्या उतारावर एका जागी
‘घर भाड्याने देणे आहे’ अजून वाचता येतं.
राहू दिलं.

दिवाळीनंतर नंदनवार स्वतःच आले, मफलर बांधून.
“पोस्टकार्ड हाय का घरात?”
नव्हतं. आता कुणाकडं असतं?
शालूनं भाचीची लग्नपत्रिका आणली,
तिची सोनेरी कड कापून
प्रत्येक सांध्यात एक तुकडा धरायचा,
रूळ बसवायचा, तुकडा काढायचा.
तेरा सांधे. तेरा वेळा
नवरीचं नाव रुळातून बाहेर आलं.

मग वायर लावली, खटका दाबला.
गाडी निघाली
आणि या वेळी आवाज आला,
बारीक,
टक.
टक टक.

नंदनवार स्टुलावर बसले होते, डोळे मिटून,
हात गुडघ्यावर.
मला वाटलं, गेले कुठंतरी उमरेडच्या पलीकडं,
आता काहीतरी आठवण सांगतील.
मी गाडी फिरत ठेवली. पाच फेऱ्या, सहा.
शालू चहा घेऊन दारातच थांबली.

डोळे न उघडता ते म्हणाले,
“फलाटापासून सातवा सांधा
सैल हाय.”