चौथा मजला

साव्हेरिओने सत्तावीस सिनेमे लिहिले.
नाव नऊंवर लागलं,
आणि त्या नऊंपैकी सहांत धडधाकट माणसं
समुद्रकिनाऱ्यावर घसरून पडायची.
त्यावर घरभाडं निघे. घटस्फोटाचा वकीलही.

मी त्याची टंकलेखक, आणि सेटवर
कंटिन्युइटी सांभाळणारी बाई:
कप उजव्या हातात होता की डाव्या,
सिगारेट कुठवर जळली होती,
दार किती बोटं उघडं.
वीस वर्षं जगाच्या बारीक चुका धरायचा
पगार घेतला मी.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात तो गार्बातेल्लात
माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला,
कोट न काढता म्हणाला,
"निवेस, या वेळी कुणी घसरणार नाही."

मंत्रालयातला एक कारकून.
टेलिफोनच्या नोंदवहीत एक ओळ कमी आहे
एवढंच त्याच्या लक्षात येतं.
पुढचे दोन तास ती नसलेली ओळ
त्याच्या मागे धावते, रोमभर.

अकरा खर्डे झाले.
कार्बनने बोटं इतकी निळी, की पाववाली विचारायची,
कुणाचा गळा दाबलास?
अशी वही साव्हेरिओने जन्मात पाहिली नव्हती.
मंत्रालयात तो गेला होता एकदाच,
वडिलांच्या पेन्शनसाठी,
आणि तळमजल्यावरूनच त्याला वाटेला लावलं होतं.
मग चौथा मजला कुठून काढलास?
"तीन म्हटलं की दम वाटत नाही.
पाच म्हटलं की लिफ्टचा सीन लांबतो."

शूटिंगच्या नवव्या दिवशी
करड्या हातमोज्यांचा एक गृहस्थ आला.
निर्मात्याच्या खोलीत कॉफी घेतली,
तीन चमचे साखर.
खून चालेल, म्हणाला.
मंत्र्याची ती दुसरी बाई, चालेल.
शेवटी न्याय होत नाही? अहो, वास्तव आहे, राहू द्या.
फक्त तो मजला.
चौथ्याचा तिसरा केलात तर
तुमचं काय बिघडतंय?

काहीच बिघडत नव्हतं.
म्हणूनच साव्हेरिओने उचललेली पेन्सिल
परत खाली ठेवली.
अंधारात उगाच दगड भिरकवावा
आणि आतून कुणीतरी "आई गं" म्हणावं,
तसा दिसत होता तो.

मग लिहिलं त्याने: तिसरा.
भाडं होतं. वकील होता.
सतरा ठिकाणी होतं, सतराही मीच बदललं.

लिफ्टचा शॉट रात्री दोनला लागला.
दिवा जोडणाऱ्या पोराकडे जुनाच खर्डा होता.
दारावर एक पेटला, दोन पेटला, तीन,
आणि मग चार.
दार उघडलं. कारकून बाहेर आला,
नाकपुड्या फुगवून म्हणाला,
"तर हा तिसरा मजला."
डोक्यावर चार, लख्ख.

बाल्दीने कट म्हटलं. डोळे चोळले.
रोजच्यासारखं माझ्याकडे वळून विचारलं,
"जुळतंय सगळं?"
पेन्सिल माझ्या हातात होती.
पाठीवरून घामाची एक धार उतरत होती,
जानेवारीत.
"जुळतंय," मी म्हटलं.

सिनेमा सहा आठवडे चालला.
तूरिनच्या एका पेपराने लिहिलं:
दिव्यावर चार आणि तोंडात तीन,
कंटिन्युइटीवाल्या बाईंना डुलकी लागली असावी.
माझ्याबद्दल छापून आलेलं तेवढं एकच वाक्य.
कात्रण पिठाच्या डब्यात आहे.

साव्हेरिओने ते मला कधी विचारलं नाही.
त्या दृश्याला थिएटरात त्याला
लांबलचक खोकला आला, इतकंच.
मग तो परत समुद्रकिनाऱ्यावर गेला, कागदावर,
आणि माणसं पुन्हा घसरू लागली.
पण मला वाटतं, थोडी जपून.

चौथ्यावर काय होतं, मला आजही माहीत नाही.
असेल एखादं कपाट.
असेल कुणीतरी साखर ढवळत बसलेलं.
बस तिथून वळते तेव्हा मी खिडक्या मोजते,
आणि दरवेळी माझं तिथेच अडतं:
तळमजला धरायचा,
की सोडायचा?