पाचांत चार

बायने सुरमई कापली की
तुकड्या चारच निघायच्या.
आम्ही पाच.
"बाय, तुला मोजता येत नाही?" सौमिल विचारायचा.
"मी दुसरी नापास," म्हणत
ती ताट आमच्या मध्ये सरकवायची
आणि गॅलरीत मिरच्या उलटायला जायची.

कन्नमवार नगर, तिसरा मजला, मे महिना,
पाच जणांना दोन गाद्या.
तात्या स्वतः आणायला यायचे आम्हाला.
नालासोपाऱ्याहून ऋजुता आणि सौमिल,
कळव्याहून मी आणि केतकी,
विमानतळावरून मस्कतचा प्रथमेश,
ज्याला मराठीत फक्त "नको" यायचं.
कारण माझे पप्पा आणि मोठे काका
चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.
खोली कुणाच्या नावावर, एवढंच.
तात्या त्यांच्यात पडले नाहीत.
आमच्यात पडले, पार नाकातोंडापर्यंत.

भांडलेल्या दोघांनाच गिरणीत पाठवायचे.
एक डबा, दोन कड्या, पीठ गरम.
वाटेत हात बदलावे लागायचे,
आणि हात बदलायचे तर बोलावं लागतं.
कॅरमचा स्ट्रायकर त्यांच्या खिशात;
तक्रार घेऊन गेलं की खेळ बंद.
माझगाव गोदीत तीस वर्षं काढलेला माणूस,
"गरम असतानाच जोडतं," म्हणायचा
आणि पेपरात तोंड घालायचा.
पेपर कधीकधी उलटा असायचा.

पहिल्या वर्षी आम्ही ओरबाडलं.
दुसऱ्या वर्षी केतकीने आपल्यातला कोपरा तोडला,
तिचं बघून बाकीच्यांनी,
आणि पाचव्याच्या ताटात
सगळ्यांपेक्षा मोठा ढीग झाला.
मग पाचवा कोण, यावरून भांडणं.
बाय गॅलरीतून म्हणाली, "काटे बघून खा रे."

एका रात्री प्रथमेश आवाज न करता रडत होता.
त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडायची ती ऋजुता उठली,
पंख्याखालची आपली जागा त्याला दिली,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.
अंधारात बायची बांगडी एकदा वाजली.
ती उठली नाही.
मला तेव्हा तिचा राग आला होता.

खूप वर्षांनी, बायच्या तेराव्याला,
आत्या भांडी पुसता पुसता बोलून गेली:
पाचवी तुकडी असायची की.
मिठाच्या बरणीमागे, झाकण लावून.
तुम्ही झोपलात की
तात्या आणि बाय अर्धी अर्धी खायची,
दिवा न लावता.

परवा घाटकोपरला, वकिलाच्या ऑफिसात
बिल्डिंग पाडायचे कागद.
दोघेही भाऊ आले नाहीत,
एकाचं बीपी, एकाची मान.
त्यांची मुखत्यारपत्रं घेऊन आम्हीच बसलो,
आत्याचं घेऊन प्रथमेश, टक्कल पडलेला.
वकील म्हणाला, वाटण्यांवरून अडणार नाही ना?
सौमिल हसला. वकिलाला ते आवडलं नाही.

चहा आला.
पोऱ्याने कप ठेवले, मोजले,
"चारच आलेत. एक अजून आणतो."

"नको," प्रथमेश म्हणाला.

केतकीने बशी पुढे केली.